हातानं तपासलेला माल

“ह्यात माणूस कुठं आहे, मगदूमबाई?”

टाचणी लावलेला तो जाड गठ्ठा मी टेबलावर ठेवला आणि चष्मा काढून पुसायला घेतला. समोर रेवती मगदूम बसल्या होत्या. तिशीच्या आसपासचं वय, व्यवस्थापनाच्या कॉलेजात शिकवायच्या, नुकतीच डॉक्टरेट मिळालेली. कारखानदार घराण्यांमध्ये म्हाताऱ्या माणसांचं काय होतं, ह्याचा त्यांनी कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत फिरून अभ्यास केला होता.

“माणसंच माणसं आहेत की सर. सगळ्या मुलाखतीच आहेत.”

“मुलाखती आहेत. माणूस नाही. हे बघा, ‘ज्येष्ठ सदस्यांच्या प्रतीकात्मक भूमिकांचे संस्थात्मक परिणाम.’ आमचा फौंड्रीवाला हे वाचेल होय? भट्टी पेटवायला घेईल.”

त्या हसल्या, पण चेहरा उतरलाच. म्हणाल्या, “मग सांगा ना काय करू. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनीच वाचलं नाही तर मी एवढी वणवण केली कशाला? कॉलेजात हे तिघांनी वाचलं सर. त्यातले दोघे माझे परीक्षक.”

आमच्या ओतकाम कारखानदारांच्या संघाचं एक मासिक निघायचं, त्याचा मी संपादक होतो. बिनपगारी. प्राध्यापक मंडळी आपले शोधनिबंध घेऊन यायची आणि मी त्यांच्याकडून ते कारखानदाराला कळेल अशा भाषेत लिहवून घ्यायचो. त्यांच्या हातूनच लिहवायचं, आपण फक्त शेजारी बसायचं, हा माझा नियम. वार्षिक मेळाव्याच्या अंकातला मुख्य लेख मेळाव्यात मोठ्यानं वाचून दाखवायची आमच्याकडे पद्धत होती. त्या वर्षी तो मान मगदूमबाईंना द्यायचं मी ठरवलं होतं.

“कीर्तनाला जाता कधी?” मी विचारलं.

“लहानपणी आजीबरोबर. प्रसादासाठी.”

“मग अर्धं काम झालं. बुवा पूर्वरंगात सिद्धान्त सांगतात. तेव्हा म्हातारे डुलक्या घेतात, बायका वाती वळतात. मग बुक्का लागतो, हार पडतो आणि उत्तररंगात आख्यान सुरू होतं. एक माणूस, एक दार, एक सकाळ. लगेच सगळे सावरून बसतात. तुमचा हा सगळा पूर्वरंग आहे बाई. मला आख्यान आणून द्या. आणि एक लक्षात ठेवा, बुवा आधी हसवतात. श्रोता हसला की त्याचं दार उघडतं. मग आत काय न्यायचं ते न्या.”

हे मी सगळ्यांनाच सांगायचो. सांगताना हातात चिपळ्या असल्यासारखे हातही हलायचे माझे. मगदूमबाईंनी मान डोलावली, गठ्ठा पिशवीत घातला आणि पुढच्या आठवड्यात येते म्हणाल्या.

संघाची कचेरी माझी दुपारची. सकाळ माझी फौंड्रीतली. फौंड्री आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं काढलेली. दादा गेल्यावर त्यांचा मुलगा हेमंत ती सांभाळत होता. मी तिथं उमेदवारीपासून माल तपासत आलो. ओतीव तुकडा हातात धरायचा, छोट्या हातोडीनं टोला द्यायचा आणि ऐकायचं. तुकडा निर्दोष असला तर घंटेसारखा वाजतो. आत चीर असली तर बद्द बोलतो. बद्द बोलला की खडूनं फुली. हे काम कानाचं आहे आणि माझा कान पंचक्रोशीत ठाऊक होता. पुढे हेमंतनं तपासणीचं यंत्र आणलं, पोरं डोळे लावून पडद्यावरच्या रेघा बघायला लागली. पण परदेशी जाणारा माल मात्र माझ्यासमोरच यायचा. हेमंत म्हणायचा, “काका, त्या लोकांना तुमच्या हाताखालून गेलेलाच लागतो.”

माझ्या बरोबरीचे सगळे घरी बसले होते. कुणी नातवंडांच्या रिक्षाची वाट बघत, कुणी बागेत चकरा मारत. मी सकाळी डबा घेऊन निघायचो. पांडुरंग क्षमा करो, पण फाटकावरचा पहारेकरी सलाम ठोकायचा तेव्हा छाती जरा पुढे यायचीच.

मगदूमबाई ठरल्याप्रमाणे आल्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, “सर, आख्यान सापडलं.”

“बसा, बसा. वाचू नका. कीर्तनात सांगतात तसं सांगा. मी श्रोता.”

त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि सांगायला लागल्या. बाई वर्गात शिकवणाऱ्या, आवाज खणखणीत, शब्दन् शब्द कळत होता.

“मिरजेच्या बाजूला एक कारखाना आहे. त्यात मालकाचे वडील रोज सकाळी येतात. त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात टेबल मांडलेलं. टेबलावर ओतीव तुकडे. वडील भिंग घेऊन एकेक तुकडा बघतात. खोट दिसली की लाल ठिपका लावतात. दोन-अडीच तास अगदी तल्लीन. मग हात धुतात, मुलाला सांगतात, ‘आज चार काढले बघ,’ आणि समाधानानं घरी जातात.”

“चांगलं आहे की.”

“ऐका तर. ते गेले की एक कामगार येतो. रॉकेलच्या बोळ्यानं सगळे लाल ठिपके पुसतो. तुकडे कोठीत ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच तुकडे परत टेबलावर. फक्त क्रम बदलून.”

“तेच?”

“तेच सर! ती कंपनीच बंद पडलीय, जिचा तो माल होता. कित्येक महिने वडील तेच तुकडे तपासताहेत.”

मला हसू फुटलं. आधी नाकातनं, मग पोटातनं. खुर्ची करकरायला लागली. म्हटलं, “आणि त्या ठिपके पुसणाऱ्याला पगार मिळतो?”

“बढती मिळालीय! आधी तो झाडलोट करायचा. मुलाखतीत आहे, ‘हे काम जबाबदारीचं आहे, म्हणून ह्याला कायम केला.’”

“अहो बाई, अहो बाई!” मी टेबलावर थाप मारली. डोळ्यांतून पाणी आलं. बाईही हसायला लागल्या, लिहायला आल्यापासून पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. म्हटलं, “लिहून घ्या, लिहून घ्या. सुरुवात अशी करा. ‘आमच्या भागात एक म्हातारा रोज सकाळी जिंकतो आणि रोज दुपारी त्याला रॉकेलनं पुसून टाकतात.’”

त्या भराभरा लिहीत होत्या. मीही रंगात आलो. म्हाताऱ्याला नाव द्या, म्हटलं, बापूसाहेब. बापूसाहेबांना एक टोपी द्या. घरी जाऊन बापूसाहेब बायकोला सांगतात, ‘मी आहे म्हणून कारखाना चाललाय गं.’ प्रत्येक वाक्याला आम्ही दोघं हसत होतो. शेजारच्या खोलीतला कारकून काय झालं म्हणून डोकावून गेला.

मग माझी सवय आडवी आली. आख्यान सांगताना बुवा काही लपवायला लागला की मला लगेच कळतं, आणि इथं काहीतरी लपवलेलं होतं.

“बाई, एक सांगू? भिंग खोटं वाटतंय. ओतीव तुकड्यातली चीर भिंगानं कुठं दिसते? आमचे लोक इथंच अडतील आणि पुढचं सगळं थाप समजतील. खरं काय होतं हातात?”

त्या चाचरल्या. “सर, मी तपशील बदललेत. ओळख पटू नये म्हणून. तसा शब्द दिलेला असतो आम्ही.”

“कारखान्याचं नाव कळतंय का त्यातून?”

“नाव तर मलाही माहीत नाही. निम्म्या मुलाखती विद्यार्थ्यांनी घेतल्या, ही त्यातलीच. माझ्याकडे येतात ते नुसते आकडे. हा कारखाना अकरा नंबरचा.”

“मग झालं तर. नाव तुम्हालाच ठाऊक नाही, मला कुठून कळणार? खरं तेवढं सांगा. लेख उभा राहायचा तर तो खऱ्यावरच राहतो.”

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला होता.

“हातोडी,” त्या म्हणाल्या. “छोटी हातोडी. ते वाजवून बघतात. आणि लाल ठिपका नाही, खडूची फुली. रॉकेल नाही, ओलं फडकं.”

मी अजून हसतच होतो. तोंड तसंच राहिलं होतं, एवढं खरं.

“आणि वडील नाहीत, सर. मालकाचे काका आहेत. त्यांचे कान गेलेत. चिरलेला माल चांगला म्हणून सोडायचे. चांगल्यावर फुली मारायचे. घरातल्यांना तोंडावर सांगवेना. मग ही युक्ती काढली. त्यांना सांगून ठेवलंय, हा माल परदेशी जातो, तिकडच्या लोकांना तुमच्या हाताखालून गेलेलाच लागतो.”

त्या पुढेही काहीतरी म्हणाल्या. ते मला ऐकू आलं नाही. कानामुळे नव्हे.

मी कागद पुढे ओढला, काहीतरी दुरुस्ती करतोय असं दाखवायला. पेन उचललं. बाईंची नजर माझ्या हातावर गेली आणि तिथंच थांबली. मीही खाली बघितलं. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं पांढरीफेक होती. फौंड्रीतून परस्पर आलो होतो. रोज तसाच यायचो.

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडताना मी पाहिला. त्या उठल्या, परत बसल्या.

“सर...”

“पुढच्या आठवड्यात बघू,” मी म्हटलं. “आज उशीर झाला.”

उशीर कसला? उतरतं ऊन अजून खिडकीशी आलंही नव्हतं.

माणूस किती चिवट असतो बघा. घरी जाईपर्यंत मी स्वतःला समजावलं होतं की अशा फौंड्र्या पुष्कळ, असे काका पुष्कळ. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी बसलो. समोर तीन पायांचे ते तुकडे, ज्यांना आम्ही तिपाई म्हणायचो, ओळीनं मांडलेले. एक उचलला, उलटा केला आणि हातोडीच्या टोकानं पायाच्या आतल्या बाजूला एक बारीकशी चंद्रकोर कोरली. मग वाजवला. खणखणीत वाजला. निदान मला तसं वाटलं. फुली न मारता ठेवून दिला. “आज तीन काढले रे,” हेमंतला सांगितलं. तो फोनवर होता, त्यानं हसून अंगठा वर केला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तोच तुकडा ओळीत पुढून तिसरा होता. चंद्रकोर पायाच्या आत तशीच. शेजारच्या तुकड्याच्या कडेला ओल होती. फडकं नीट पिळलं नसावं.

टेबल मांडायचं काम पिराजीचं. तो पलीकडे उभा राहून मी हातोडी कधी उचलतो त्याची वाट बघत होता.

“काय झालं काका? हात दुखतोय जणू?”

“पिराजी, तू कायम झालास ना रे मागं?”

“व्हय की, तुमच्या आशीर्वादानं. पोरीचं लगीन झालं त्यावर.” त्याचा चेहरा असा फुलला की मला पुढं काही विचारवलं नाही. मी हातोडी उचलली आणि सगळे तुकडे वाजवले, एकेक करून. तो समोर होता तोवर थांबता येईना.

मग हेमंतच्या केबिनमध्ये गेलो आणि दार लावलं. ते दार मी कधी लावत नसे, त्यामुळे तो उठून उभाच राहिला.

“कधीपासून?” मी विचारलं.

त्यानं ‘काय कधीपासून’ असं विचारलं नाही. त्यातच सगळं आलं.

“पंपाच्या बॉड्या परत आल्या होत्या काका, तेव्हापासून. अख्खा ट्रक. तुम्ही सोडलेला माल होता. भरला पंप की फुटायचा. मी म्हटलं, वाहतुकीत आपटला. तुम्ही पण तसंच म्हणालात.”

“मला सांगायचं.”

“कसं सांगू? आई म्हणाली, त्यांनी तुला खांद्यावर बसवून फौंड्री दाखवलीय, त्यांना घरी बस म्हणालास तर मी तुझ्या घरी जेवणार नाही.” तो खिडकीकडे तोंड करून बोलत होता. त्याला माझ्याकडे तोंड करून बोलायला सांगावं लागलं, नाहीतर मला ऐकू येत नव्हतं; हे सांगतानाच मला कळलं की घरातले सगळे अलीकडे माझ्याशी बोलताना समोर येऊन का उभे राहतात.

“मग त्या कॉलेजच्या पोराला बरं सांगितलंस.”

“त्यानं विचारलं, कारखान्यातलं सगळ्यात अवघड काम कोणतं. काका, बँक, वीज, कामगार, सगळं निभावतं. मी म्हटलं, सकाळी ते टेबल मांडणं. सांगायला आजवर कोणी भेटलंच नव्हतं.”

“हसत सांगितलंस?”

हेमंतनं माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. कारण हसलं कोण होतं ते मला ठाऊक होतं.

“उद्यापासून मांडू नकोस,” मी म्हटलं. “पिराजीला दुसरं काम दे. कमी करू नकोस त्याला.”

“आणि तुम्ही सकाळी काय करणार?”

“झोपेन.”

घरी माझी बायको इंदू गवार मोडत बसली होती. मी इतक्या लवकर आलेला पाहून तिनं घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. काही न विचारता तिनं परात बाजूला सरकवली.

“तुलाही माहीत होतं,” मी म्हटलं.

“दादा गेल्यावर हेमंतनं विचारलं होतं मला. ‘काकू, असं करू का?’ म्हणाला.” ती जरा मोठ्यानं बोलत होती. ती नेहमीच मोठ्यानं बोलते असं मला इतके दिवस वाटायचं. “तुम्ही डबा घेऊन निघायचात ना, तेव्हा जिन्यात गुणगुणत उतरायचात. ते मला बंद करायचं नव्हतं.”

संध्याकाळी कीर्तनाला गेलो तो मागच्या खांबाशी बसलो. माझी जागा पहिल्या रांगेत, पेटीवाल्याच्या समोर. मागच्या वर्षी मी तिथून उठून भर मंडपात सांगितलं होतं की देवळातल्या झांजा चिरल्यात, बद्द बोलतायत, दुसऱ्या आणा. विश्वस्तांनी मुकाट्यानं नव्या आणल्या. त्या नव्याही बद्दच वाजत होत्या. बुवांनी मला शोधलं, नजरेनं पुढे या म्हणून खुणावलं. मी हात जोडले आणि नाही म्हटलं. नामाचा गजर झाला तेव्हा सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. देवाकडे बघायचं मात्र धाडस झालं नाही. तोही सामील असेल असं उगाच वाटून गेलं.

मगदूमबाई ठरलेल्या दिवसाच्या आधीच आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

“सर, लेख मी मागं घेते. शब्द मोडला मी. तुम्ही विचारलंत म्हणून नव्हे, मलाच तुमचं हसणं हवंहवंसं वाटलं म्हणून. ज्याचं होतं त्यालाच जाऊन सांगितलं.”

“बसा आधी.”

त्या बसल्या. डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, “नाहीतर तो भाग काढू. दुसरं एक आख्यान आहे. एका कारखान्यात एक आजोबा रोज सकाळी फोनवरून कच्च्या लोखंडाचा भाव पाडतात. तासतासभर घासाघीस. पलीकडे व्यापारी नसतोच. मागच्या शेडमधला कारकून व्यापारी होऊन बोलतो. तेही चांगलं आहे, सर. तेवढंच... म्हणजे...”

“तेवढंच हसवणारं.”

त्यांनी मान खाली घातली.

हे आजोबा कोण ते मला तत्क्षणी कळलं. तवनाप्पा हुक्केरी. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. आमच्या संघाचे जुने सभासद, आणि गाठ पडली की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘आजबी पाडला बघा भाव.’ मी त्यांना कितीदा शाबासकी दिली होती. अण्णांचं वय माझ्याहून बरंच जास्त होतं. त्यांना हे कळलं असतं तर ते माझ्यासारखे गवार मोडणाऱ्या बायकोसमोर जाऊन बसू शकले नसते. त्यांची बायको केव्हाच गेली होती.

“नाही,” मी म्हटलं. “टेलिफोन नको. लेखातच नको, आणि बोलण्यातही नको. माझंच राहू दे.”

“सर, तुम्हाला त्रास होईल. हजार माणसं असतील मेळाव्यात.”

“ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे. बाकीच्यांना तुम्ही हातोडीचं परत भिंग करा. मी चुकलो होतो. भिंग चालेल. मिरज पण चालेल. फक्त बापूसाहेबाची टोपी काढा. तो बायकोला काय सांगतो तेही काढा. ते तुमच्या अभ्यासात नव्हतं, मी घातलं होतं.”

त्यांनी काढलं. मग पेनाला टोपण लावलं.

“एक गोष्ट मी गाळली होती,” त्या म्हणाल्या. “मुलाखतीच्या कागदावर त्या जागी विद्यार्थ्यानं कंसात लिहिलंय, ‘इथे बोलणारे थांबले. रडले. पाणी घेतलं.’ तुम्ही म्हणाला होतात, आधी हसवा. ते बसत नव्हतं, म्हणून मी ते ठेवलंच नाही.”

हेमंत रडला होता. एका परक्या पोरासमोर. मी उठलो, खिडकीशी जाऊन उभा राहिलो. बाईंनी मला तेवढी सवड दिली. नंतर आम्ही दोघं तो लेख पहिल्यापासून लिहायला बसलो. त्या लिहीत होत्या, मी शेजारी. ह्या वेळी मी एकाही वाक्याला मोडता घातला नाही. एका ठिकाणी त्यांनी विचारलं, “शेवटी कारखानदारांना काय करा म्हणून सांगू? अभ्यासात तशी काही शिफारस निघत नाही.”

“मग देऊ नका,” मी म्हटलं. “नाही ते नाही.”

मेळावा संघाच्या नव्या सभागृहात झाला. मी सकाळी घरी का असतो असं शेजारी विचारायचे, त्यांना मी गुडघा सांगितला होता. मेळाव्यातही तेच सांगत लंगडत शिरलो. पुढच्या खुर्च्यांवर जुनी मंडळी बसवली होती. अण्णा हुक्केरी माझ्या उजव्या हाताला आले, काठी पायांत धरली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “आजबी पाडला बघा भाव.”

“तुमच्यापुढं कोण टिकणार अण्णा,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मगदूमबाई व्यासपीठावर उभ्या राहिल्या. आवाज आधी जरा हलला, मग लागला. भिंग, लाल ठिपका, रॉकेलचा बोळा, सगळं त्यांनी सरळ सांगितलं. कुठंही शब्द खुलवला नाही. ‘दुसऱ्या दिवशी तेच तुकडे पुन्हा टेबलावर येतात,’ हे वाक्य आलं आणि सभागृहातली चुळबुळ थांबली. मी मान वळवून बघितलं. मागच्या रांगांत मुलगे बसले होते, चाळिशी-पन्नाशीचे, कारखाने चालवणारे. बरेच जण खाली बघत होते. भिंतीजवळ हेमंत उभा होता. त्याच्या दोन खुर्च्या पलीकडे अण्णांचा मुलगा बसला होता, त्यानं हातातला अंक उगाच उघडून तोंडासमोर धरला होता.

आणि त्या शांततेत अण्णा हसले.

मोठ्यानं हसले. त्यांचं हसणं पहिल्यापासूनच दणदणीत, भट्टीवरनं हाका मारून झालेला आवाज. “अवो, त्येच तुकडं!” ते म्हणाले. “रोज त्येच! आणि म्हातारा तपासतोय!” त्यांनी काठी जमिनीवर आपटली. “काय येडं म्हातारं असंल वो हे! एवढं बी कसं कळंना ह्येला?”

बाई वाचायच्या थांबल्या. व्यासपीठावरून त्यांची नजर अण्णांवरून माझ्यावर आली आणि तिथंच राहिली. सभागृहात दुसरं कुणीही हसत नव्हतं. अण्णांना ते जाणवायला लागलं असावं. त्यांनी हसत हसतच डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, सगळे असे गप्प का म्हणून. चेहऱ्यावर एक शंका उमटायला लागली. मागं त्यांचा मुलगा खुर्चीतून अर्धवट उठला.

मी अण्णांच्या पाठीवर हात ठेवला.

“खरंच अण्णा,” मी म्हटलं, “येडंच म्हातारं!” आणि त्यांच्याइतक्याच मोठ्यानं हसायला लागलो.